पातेल्यात काय आहे?

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या कारंज्याहून मुंबईचा किनारा रस्त्याने पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर, आणि लहानपणी पाहिलेले मोठे पाणी म्हणजे ऋषी तलाव, फार तर अडाण धरण. तरीही समुद्रप्रवासाच्या गोष्टी या मातीला परक्या नाहीत. आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या शाखेतील राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची जी लेणी रंगली त्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन शिडांचे एक जहाज आजही पाहायला मिळते. आठव्या शतकातील हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहा’त व्यापारी सुवर्णभूमीच्या दिशेने निघतात आणि गलबत फुटून फळीच्या आधाराने किनाऱ्याला लागतात. श्रीपाल राजाची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. धवल शेठने त्याला भर समुद्रात लोटले, तरी तो तरला. माझ्या आजीला ही कथा मुखोद्गत आहे. म्हणूनच थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम आणि मलेशिया असा पंचेचाळीस दिवसांचा प्रवास पाठीवर एक पिशवी घेऊन एकटीने करण्याचा बेत मी घरात सांगितला, तेव्हा तिने विचारले, “अगं, तुला पोहता येते का?”

पोहता येत होते. पुण्यात नोकरी लागल्यावर शिकले होते. मग दुसरा प्रश्न आला तो जेवणाचा, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

आजीने फार वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतलेले आहे. पूर्वेस सम्मेदशिखर, पश्चिमेस गिरनार, दक्षिणेस श्रवणबेळगोळ आणि उत्तरेस हस्तिनापूर. या चार सीमांपलीकडे ती आयुष्यात जाणार नाही. नकाशावर पाहिले तर ही मर्यादा मुळीच लहान नाही, अर्धाअधिक भारत तीत मावतो. तिची नात मात्र शिखरजींच्याही पूर्वेला सुमारे अडीच हजार किलोमीटर पुढे निघाली होती. काकांचे म्हणणे निराळे होते. “एकटीने जायचेच कशाला? यात्रा कंपनीबरोबर जा. स्वयंपाकी बरोबर असतो, पंगत बसते, सगळे शुद्ध मिळते.” बाबा बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “पैसे तिचे आहेत, रजा तिची आहे. नियमांचे काय करायचे तेही तिलाच ठरवू द्या.”

बाबांचे हे बोलणे परवानगीसारखे वाटले, पण त्यात एक ओझे होते हे मला पुढे कळले. कारंज्यातल्या आमच्या घरी नियम ठरवावा लागत नाही. तो जन्मापासून घरात असतोच. कांदा-लसूण, बटाटा उंबरठ्याच्या आत येत नाही, दिवेलागणीपूर्वी ताटे उचललेली असतात, पाणी गाळूनच माठात पडते. यातले माझे किती आणि घराचे किती, हे तपासण्याची वेळच आली नव्हती.

स्वस्त विमानांत हातात नेण्याच्या सामानाला सात किलोंची मर्यादा असते. त्या सात किलोंत चार कपडे, औषधे, पावसाळी अंगरखा आणि शिदोरी बसवायची होती. मी सातूचे पीठ न्यावे म्हणत होते. पाण्यात कालवले की झाले. आजीने ते तिथल्या तिथे खोडून काढले. “पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. आठव्या दिवशी काय करशील?” शेवटी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, खडीसाखर आणि खारका असा सव्वा किलोचा ऐवज तिने स्वतः तोलून बांधला, आणि त्यावर पाणी गाळण्याचे एक पांढरे फडके घडी करून ठेवले.

४ जानेवारी २०२५ रोजी बँकॉकला उतरले. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून भारतीयांना व्हिसाविना प्रवेश दिल्यामुळे आपली तरुण मुले आता तिकडे मोठ्या संख्येने दिसतात. खाओसान रस्ता हा जगभरच्या पाठपिशवीवाल्यांचा अड्डा. तो मी पाहिला आणि तासाभरात पुरे झाला. कर्कश संगीत, काड्यांना टोचून तळलेले विंचू आणि त्यांच्याबरोबर छायाचित्र काढण्याचेही पैसे. पुढचे चार दिवस मी यावाराट या चिनी पेठेत काढले, कारण तिथे मला ‘सतरा’ सापडला.

झाले असे, की एका गल्लीत पिवळ्या पताकांवर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखे काहीतरी लिहिलेले दिसू लागले. दुकानाचा क्रमांक म्हणावा, तर एकाच गल्लीत तीन दुकानांचा क्रमांक सतरा कसा? विचारता कळले, की तो आकडा नसून थाई लिपीतला ‘जे’ हा शब्द आहे. चिनी वंशाच्या थाई लोकांत व्रताचे जेवण म्हणून ही पद्धत आली. मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य. आणि त्याबरोबर कांदा, लसूण व त्या जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य! चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, आपल्या शारदीय नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवस लाखो लोक हे व्रत पाळतात. फुकेतमधला उत्सव त्यात सर्वांत प्रसिद्ध. काही दुकाने मात्र वर्षभर ‘जे’च शिजवतात. आपल्याकडे परदेशी निघालेल्या प्रत्येकाला ‘व्हेज’ हा इंग्रजी शब्द शिकवून पाठवतात. थायलंडमध्ये तो फारसा उपयोगाचा नाही. व्हेज सांगितले तरी ताटात माशाचा रस पडतो, कारण तिकडच्या स्वयंपाकघरात ‘नाम प्ला’ हे मिठासारखे वापरले जाते. ‘जे’ म्हटले की तो प्रश्न मिटतो.

सगळे मात्र मिटत नाही. ‘जे’मध्ये मुळा, गाजर, बटाटा चालतो, आळंबीही चालते. रस्सा बहुधा मुळ्याचाच. म्हणून पातेल्यात काय आहे हे विचारणे आलेच. गल्लीच्या टोकाला गाडी लावणाऱ्या एका वृद्ध बाईंना मी फोनवर थाई भाषेत उतरवून घेतलेली यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मान हलवली, आणि मग गाडीवरची एकेक वस्तू उचलून माझ्यापुढे धरायला सुरुवात केली. टोफू? चालेल. नाळीची भाजी? चालेल. कारले, लाल भोपळा, गवती चहाची पात, लिंबाची पाने? चालेल, चालेल. आल्याच्या जातीचा एक कंद पुढे आला, मी हात हलवला, तो परत टोपलीत गेला. मागे गिऱ्हाइके खोळंबली होती. तीही या तपासणीत सामील झाली आणि आपापली मते देऊ लागली. पाऊण तासाने मला भोपळा आणि टोफू घातलेला भात मिळाला. चौथ्या दिवशी मी दिसताच त्या बाईंनी न विचारता पातेल्याचे झाकण उचलले आणि मला आत वाकून पाहायला लावले.

इथेच एक सांगून टाकते. ज्या कढईत माझा भात परतला गेला, तीत आदल्या घटकेला काय शिजले होते हे मी कुठेही विचारले नाही. ताटात काय पडते ते पाहायचे, कढईचा पूर्वेतिहास काढायचा नाही, असे मी बँकॉकमध्येच ठरवले आणि शेवटपर्यंत तसेच वागले. ज्यांना हे पटणार नाही त्यांचे म्हणणे मला समजते.

बँकॉकहून रात्रीच्या गाडीने सुरात थानी आणि तिथून बसने क्राबी. अंदमान समुद्राचा हा किनारा जानेवारीत कोरडा आणि निवळशंख असतो. रेलेच्या किनाऱ्याला सडक नाही; चुनखडीच्या सरळसोट कड्यांनी तो जमिनीपासून तोडला आहे, त्यामुळे जायचे तर लांबलचक दांड्याला पंखा लावलेल्या होडीनेच. होडीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय पडतो, आणि पाणी इतके स्वच्छ की आपली सावली तळाच्या वाळूवर दिसते. किनाऱ्यावर जागोजागी पाट्या आहेत: लाट आली तर पळायचे कुठे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हा सगळा भाग झोडपून काढला होता. त्या पाटीखाली उभे राहून मी आजीला फोन केला, पाटी मात्र दाखवली नाही.

तिथून जवळच्या फी फी बेटांवरील माया बे ही चिंचोळी खाडी एका इंग्रजी चित्रपटामुळे जगभर गाजली. माणसांच्या लोंढ्याने तिथले प्रवाळ मेले, म्हणून जून २०१८ मध्ये ती बंद केली गेली आणि थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता होड्या खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूला लागतात. पोहण्यास मनाई आहे. आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाडी पूर्ण बंद असते. आमच्या होडीतील काही जण या मनाईवर चिडले होते. पावसाळ्यात पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून चार महिने एका जागी थांबणारे साधू ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटू नये. इथे माणसाने थांबायचे आहे ते प्रवाळासाठी, एवढाच फरक.

क्राबीतच काकांच्या मनातली यात्रा कंपनी भेटली. मुंबईहून आलेला चाळीस जणांचा संच, बरोबर दोन स्वयंपाकी, पिंपात भरलेले पीठ आणि तूप. मी जैन असल्याचे कळताच त्यांनी मला ओढून पंगतीला बसवले. फुलके, तुरीचे वरण, कोबीची भाजी. सहा दिवसांनी वरण पोटात गेल्यावर डोळ्यांत पाणी यायचेच राहिले होते. माणसे मोठी प्रेमळ, आग्रह मनापासून. त्यातल्या एका मावशींनी मला विचारले, “हे थाई लोक घरी खातात तरी काय?” त्यांचा मुक्काम आठवडाभराचा होता आणि तो सहावा दिवस होता. त्यांना ते कळायला वावच नव्हता. त्यांच्या पातेल्यात काय आहे हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होते.

पुढचा मुक्काम कोह लांटा या बेटावर. बेटावरची बहुसंख्य वस्ती मुसलमान. खानावळ चालवणाऱ्या बाईंना मी काय खात नाही हे सांगू लागले, तर त्यांनी यादी पुरती वाचलीही नाही. आपल्यालाही काही गोष्टी वर्ज्य आहेत, एवढे खुणेने सांगून त्यांनी केळीच्या पानात वाफवलेला चिकट भात पुढे केला. आत पिकलेले केळे, काळे घेवडे आणि नारळाचे दूध. तीन दिवस मी त्यावर राहिले.

पण खरी कसोटी दुपारच्या खानावळीत नव्हती. बॅकपॅकिंगचे सारे मैत्र सूर्यास्तानंतर सुरू होते. साडेसहाला सूर्य बुडतो, सातला किनाऱ्यावर चटया पसरतात, होस्टेलमधली मुले-मुली वर्गणी काढून एकत्र रांधतात, आणि जेवता जेवता उद्या कोण कोणाबरोबर कुठे जाणार हे ठरते. सहाला जेवून बसलेला माणूस त्या चटईवर उपरा असतो. दुसऱ्या रात्री नेदरलँड्सच्या एका मुलीने खास माझ्यासाठी वेगळी भाजी केली. कांदा नाही, बटाटा नाही, सगळे विचारून केलेले. ताट माझ्यापुढे आले तेव्हा पावणेआठ झाले होते. तिने कौतुकाने पाहिले. बाराशे मैलांवर कोणी ओळखीचे नव्हते, बाबांनी निर्णय माझ्यावर सोडला होता, आणि त्या मुलीचा उत्साह मोडणे हाही एक प्रकारे जीव दुखावणेच नव्हे काय? मी ताट घेतले नाही. भाजी झाकून ठेवायला सांगितली आणि सकाळी उजाडल्यावर तिच्याशेजारी बसून गार भाजी खाल्ली. का घेतले नाही, याचे उत्तर मी आजतागायत शोधते आहे. श्रद्धा होती असे म्हणवत नाही. सवय होती, थोडा हट्ट होता. आणि हे एकदा सुटले तर ते माझे नव्हतेच, घराचे होते, असे सिद्ध होईल ही भीतीही होती. गार भाजी खाताना मात्र त्या मुलीने तिच्या आजीविषयी जे सांगितले, ते रात्रीच्या गोंगाटात तिने सांगितले नसते.

कंबोडियातील दिवस झरझर गेले. अंगकोर पाहायला तीन दिवसांचे तिकीट ६२ डॉलरचे, एका दिवसाचे ३७ चे. तीन दिवसांचेच घ्यावे. अंगकोर वाटच्या भिंतीवरील समुद्रमंथनापुढे सगळे थबकतात. मला बायोनच्या भिंतींवरील बाजार अधिक आवडला, कारण त्यात माप तोलणाऱ्या बाया आहेत आणि बोलाचाल चाललेली स्पष्ट दिसते. जेवणाच्या बाबतीत हा देश सर्वांत अवघड गेला. आंबवलेल्या माशाचा ‘प्राहोक’ जवळजवळ सगळ्यांत असतो. फुटाणे इथेच संपत आले.

नोम पेन्हहून बसने हो चि मिन्ह शहर आणि तिथून सतरा-अठरा तासांच्या रेल्वेने दा नांग. २७ जानेवारीला होई आनला पोहोचले. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत हे मोठे बंदर होते. चिनी, जपानी व्यापारी इथे घरे बांधून राहिले. १९९९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. या गावात शिरले आणि मला कारंज्यातच आल्यासारखे वाटले. पुढे दुकान, मागे घर, मधे उघडा चौक. तुळयांवर कोरीवकाम, आमच्या काष्ठासंघ मंदिरातल्या लाकडाची आठवण करून देणारे. एका जुन्या व्यापारी घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा वर्षे घालून केलेल्या आहेत. पूर आला की माडीच्या तक्तपोशीतील झडप उघडून माल वर ओढून घेत. आमच्याकडे कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगतात, की एका धनिकाने उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात कालवली. होई आनच्या व्यापाऱ्यांनी हे ऐकून नक्की नाक मुरडले असते. पाण्याशी गाठ असलेला व्यापारी माल चुन्यात घालत नाही, माडीवर नेतो.

२९ जानेवारी हा व्हिएतनामी नववर्षाचा, ‘तेत’चा, पहिला दिवस होता. आदल्या दिवशी दुपारपासून दुकाने मिटू लागली. ती आपली चतुर्दशी होती. मी सकाळी एकदाच जेवले होते, तेही भात आणि काकडी. दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा गावात चिटपाखरू नव्हते आणि पिशवीत दोन खारका होत्या. मी ज्यांच्या मागील खोलीत भाड्याने राहत होते त्यांच्या दर्शनी दारातून उदबत्तीचा वास येत होता. गरम पाणी मागावे म्हणून मी पायरी चढले, आणि आतून घरची सून धावतच आली. तिने दोन्ही हात आडवे केले. चेहरा कठोर नव्हता, घाबरलेला होता.

फोनच्या दुभाषाने सांगितले ते असे: नव्या वर्षी घरात पहिले पाऊल ज्याचे पडते त्याच्यावर त्या घराचे वर्ष अवलंबून असते. त्यासाठी एक काका ठरवून ठेवले आहेत. ते येईपर्यंत कोणी आत यायचे नाही. तिला हे समजावून सांगताना फार अवघडल्यासारखे झाले होते. मी तिला थांबवले. पायगुण म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या मुलीला समजावून सांगावे लागत नाही. नवी सून घरात आली आणि त्या साली तूर बुडाली, तर कोणाच्या नावाने बोटे मोडली जातात हे मी पाहिलेले आहे. फरक इतकाच, की इथे पायगुणाचा दोष नंतर कोणावर ढकलण्यापेक्षा माणूस आधीच निवडून ठेवला होता. मी पायरीवर बसले. सून घरात गेली आणि खिडकीतून मला चहा देऊन गेली. खिडकीतून चालत असावे.

तासाभराने कोऱ्या सदऱ्यातले काका आले, हसत आत गेले. लगेच मला बोलावणे आले. काकांनी मुलांना वाटलेल्या लाल पाकिटांतले एक माझ्याही हातावर ठेवले. मांडलेल्या जेवणाकडे बोट दाखवून मी नेहमीचा प्रश्न विचारणार, तोच सून म्हणाली, “चाय.” मी कप दाखवला, चहा झाला म्हणून. सगळे हसले. व्हिएतनामी भाषेत ‘चाय’ म्हणजे व्रताचे, शाकाहारी जेवण. चांद्रमासाचा पहिला दिवस आणि पौर्णिमा या दोन तिथींना पुष्कळ बौद्ध घरांत ते करतात, आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी तर आवर्जून. घरातील वृद्ध सासूबाई महिन्यातून त्या दोन दिवशी काय काय खात नाहीत ते बोटांवर मोजून सांगू लागल्या: लसूण, कांदा, त्याची पात, आणखी त्याच जातीच्या दोन वनस्पती. त्यांची पाच बोटे संपली. मग मी माझी बोटे मोडायला लागले. माझी दोन्ही हातांना पुरेनात, तेव्हा त्या डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत राहिल्या.

पानात हिरव्या मुगाचे पुरण भरलेला चिकट भाताचा गुंडा होता, कच्च्या फणसाची शेंगदाणे घातलेली कोशिंबीर होती, आणि मुळा-गाजराचे लोणचे. लोणचे मी बाजूला सारले. का, असे सासूबाईंनी विचारले. कंद उपटला की झाड समूळ जाते, त्यात जीवही फार, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि कोशिंबिरीतला एक शेंगदाणा उचलून माझ्यापुढे धरला. हा कुठे वाढतो?

मी आजीला फोन लावला. आपल्याकडे सकाळचे आठ वाजले होते. ती नुकतीच मंदिरातून आली होती. मी प्रश्न सांगितला. आजी म्हणाली, “शेंग मुळाला नसते, आऱ्यांना लागते. वाळली की कोरडी होते, कंदासारखी ओली राहून फुटत नाही. सांग त्यांना.” मी सांगितले. सासूबाईंचे समाधान झाले असे दिसले नाही, पण शेंगदाणा त्यांनी खाल्ला. मग आजीने विचारले, “आज त्यांचा कसला सण? आज तर अमावास्या आहे.” तेव्हा माझ्या लक्षात आले, की दोन्ही पंचांगे एकाच चंद्राला धरून चालली आहेत; ज्या दिवशी अमावास्या पुरी होते तो दिवस आपण महिन्याच्या शेवटाला मोजतो आणि ते आरंभाला. आजीचा शेवटचा प्रश्न अर्थातच, पाणी गाळतात का? सून म्हणाली, उकळून पितो. आजी इतकी प्रसन्न झाली, की तिने फोनच्या पडद्यातूनच सासूबाईंना हात जोडले. सासूबाईंनीही जोडले.

होई आनहून चाळीसेक किलोमीटरांवर मी सोन आहे. चंपा राज्याची ही देवळे चौथ्या ते तेराव्या शतकांतली, डोंगरांच्या कुशीतली, लाल विटांची. ऑगस्ट १९६९ मधील अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांतली पुष्कळ पडली. बॉम्बचे खड्डे गवताने भरलेले अजून दिसतात. इथला पहिला ज्ञात दाता राजा भद्रवर्मन. त्याने भद्रेश्वर शिवाला जमीन दिली आणि तिच्या सीमा संस्कृतात दगडावर कोरून ठेवल्या. काळ चौथ्या शतकाच्या अखेरचा. जवळजवळ त्याच सुमारास वत्सगुल्माच्या विंध्यशक्ती दुसऱ्याने, आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी, नांदेडकडच्या एका गावाचे दानपत्र ताम्रपटावर कोरवले. वाशिममध्ये तो ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला, आणि त्याची भाषा थोडी संस्कृत, थोडी प्राकृत. एक दान समुद्राच्या काठी, एक समुद्रापासून शेकडो कोस आत. तिथल्या मार्गदर्शकाला मी हे सांगितले. त्याने ‘वाशिम’ हा शब्द वहीत लिहून घेतला आणि विचारले, तिथे पाहायला काय आहे? माझी त्रेधा उडाली. दानपत्र आहे, राजधानी होती, पण तिकीट काढून दाखवावे असे काय, हे पटकन सुचेना. मग मी त्याला पद्मतीर्थ, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, पोहरादेवी आणि आमच्या गावाच्या दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ या चार वेशी सांगितल्या. शिरपूरची मूर्ती जमिनीला टेकलेली नाही अशी श्रद्धा आहे म्हटल्यावर त्याने तेही लिहून घेतले.

मलेशियाविषयी थोडक्यात सांगते. पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये ११ फेब्रुवारीला तमिळांचा थैपूसम उत्सव होता. रस्त्यांवर नारळांचे ढीग फुटत होते आणि मांडवामांडवांतून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, ताक, भात वाटला जात होता. तमिळ मावश्यांना कांदा नको म्हटल्यावर एकीने लगेच ओळखले, “जैनाच तू?” आणि दही-भाताचा द्रोण आणून दिला. इथे आणखी एक गंमत कळली. मलेशियाने १ जानेवारी १९८२ पासून सगळ्या देशाचे घड्याळ पूर्वेकडील प्रांतांशी जुळवून घेतले. त्यामुळे पेनांगला फेब्रुवारीत सूर्य मावळतो तो साडेसातला. लांटाच्या चटईवर मला जे जमले नव्हते, ते इथे सरकारी घड्याळाने जमवून दिले. होस्टेलमधली मुले सातला जेवायला बसली आणि मीही त्यांच्याबरोबर बसले. समुद्रावर ऊन लख्ख होते.

परतल्यावर गावातील मुलींनी माझ्याभोवती कोंडाळे केले. त्यांनी सर्वांत आधी खर्च विचारला, तो इथे देते: विमानांसह एक लाख एकतीस हजार रुपये, पंचेचाळीस दिवसांचे. झोपण्याचे बहुतेक ठिकाणी रात्रीला सात-आठशे. सामायिक खोलीतली खाट, मुलींची खोली वेगळी मागावी. यादी त्या त्या देशाच्या लिपीत कागदावर छापून न्यावी, फोन उन्हात बंद पडतो. फुटाणे दोन किलो न्यावेत, सव्वा किलो पुरत नाहीत. गाळण्याचे फडके अवश्य न्यावे; बाटलीच्या तोंडाला बांधायला, ऊन लागले तर डोक्यावर आणि एकदा तर गुडघा फुटला तेव्हा पट्टी म्हणूनही ते उपयोगी पडले. माझी पाठपिशवी सध्या दारव्हा वेशीजवळ राहणाऱ्या एका मुलीकडे आहे. तिला लाओस पाहायचे आहे, आणि तिच्या आईला अजून ते माहीत नाही.